युरेनियमलाही गंज चढतो! हा गंज विष धरून ठेवतो की सोडून देतो?

पालघर जिल्ह्यात तारापूरचं नाव निघालं की एक प्रश्न फिरून फिरून येतो. वीज तयार झाली, गावोगावी दिवे लागले, पण त्या अणुभट्टीतून जळून बाहेर पडलेल्या इंधनाचं पुढे होतं काय? रत्नागिरीत राजापूर तालुक्यात माडबन-जैतापूरच्या प्रस्तावित प्रकल्पामुळे हाच प्रश्न तिकडेही विचारला जातो. उत्तरं दोन टोकांची मिळतात. एक म्हणतो काहीच होत नाही, दुसरा म्हणतो सगळं संपलं. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे आणि त्यातला एक मोठा भाग युरेनियमच्या गंजात लपलेला आहे.

होय, गंजच. नांगराचा फाळ पावसात राहिला की त्यावर तांबूस थर चढतो, तसाच वापरलेल्या अणुइंधनावर हवा-पाण्याने पिवळा थर चढतो. हा थर म्हणजे नवी तयार झालेली युरेनियमची खनिजं असतात. जगभरचे शास्त्रज्ञ गेली ४० वर्षं या पिवळ्या थराचा अभ्यास करत आहेत. कारण इंधनातून सुटलेली किरणोत्सारी द्रव्यं या थरात अडकून पडली तर पाण्यापर्यंत कमी जातील, आणि अडकली नाहीत तर जास्त जातील.

इंधनात नेमकं असतं काय?

अणुभट्टीचं इंधन म्हणजे काही द्रव नाही. बोटाच्या पेराएवढ्या, भाजलेल्या मातीसारख्या टणक, काळ्या गोळ्या असतात. त्या युरेनियम डायऑक्साइडच्या असतात आणि झिर्कोनियम धातूच्या लांब नळ्यांमध्ये एकावर एक रचलेल्या असतात.

भट्टीत काही वर्षं जळल्यावर या गोळ्या बाहेर काढतात. 'जळलं' म्हटलं तरी लाकडासारखी राख होत नाही. साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीच्या वापरलेल्या इंधनात साधारण ९५ टक्के युरेनियम तसंच शिल्लक असतं. सुमारे १ टक्का प्लुटोनियम तयार झालेलं असतं. उरलेले ३ ते ४ टक्के म्हणजे अणू फुटून तयार झालेले तुकडे: सिझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, टेक्नेशियम वगैरे. शिवाय नेप्च्युनियम, अमेरिशियम अशी जड द्रव्यं थोड्या प्रमाणात असतात.

यातल्या प्रत्येकाचं आयुष्य वेगळं. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे ३० वर्षांत ते निम्मं होतं. स्ट्रॉन्शियम-९० चंही जवळपास तेवढंच. ही दोन्ही काही शतकांत संपल्यात जमा होतात. पण प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षं, टेक्नेशियम-९९ चं २ लाखांहून जास्त, नेप्च्युनियम-२३७ चं २१ लाख आणि आयोडीन-१२९ चं दीड कोटी वर्षांच्या वर आहे. एवढा काळ कोणताही डबा टिकेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणूनच 'डबा फुटल्यावर काय?' हा प्रश्न आधीच विचारावा लागतो.

हवा आणि पाणी लागलं की...

इंधनाच्या गोळीतलं युरेनियम ज्या रूपात असतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जमिनीत खोल, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे युरेनियमचं काळं खनिज कोट्यवधी वर्षं जागच्या जागी पडून राहतं ते याचमुळे.

प्राणवायू असलेलं पाणी लागलं की गणित बदलतं. युरेनियमचं रूप पालटतं, त्याला 'युरॅनिल' म्हणतात. मधे युरेनियम आणि दोन बाजूंना प्राणवायूचा एकेक अणू, अशी ही सरळ काडी असते. हे रूप पाण्यात सहज जातं. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर आणखी सहज जातं. राजस्थान, पंजाबकडच्या काही बोअरच्या पाण्यात नैसर्गिक युरेनियम जास्त आढळतं, त्यामागे हेही एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली आहे, ती याच विरघळलेल्या युरेनियमसाठी.

इंधनाच्या बाबतीत अजून एक भानगड आहे. बाहेरून प्राणवायू नाही आला तरी इंधनाचा स्वतःचा किरणोत्सार पाण्याचे रेणू फोडतो आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे इंधन आपल्याला गंजवणारं औषध काही अंशी आपणच तयार करतं.

ठिबकच्या तोटीवरचा क्षार

आता विरघळलेलं युरेनियम जातं कुठे? सगळं वाहून जात नाही. ठिबकच्या नळीचं उदाहरण घ्या. बोअरचं पाणी जड असेल तर काही महिन्यांत ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो. पाण्यात विरघळून आलेला चुना तिथे पुन्हा घट्ट होतो. त्या क्षारात पाण्यातली बारीक माती आणि लोहही अडकून बसतं. आपण मग ॲसिड सोडून तो काढतो.

युरेनियमचंही असंच होतं. गोळीतून सुटलेलं युरेनियम थोड्याच अंतरावर पाण्यातलं कॅल्शियम, पोटॅशियम, सोडियम आणि खडकातली सिलिका यांच्याशी जुळून पुन्हा घट्ट होतं. त्यातून पिवळी, केशरी खनिजं तयार होतात. नुसतं पाणी असेल तर शोपाइट, कॅल्शियम असेल तर बेकरेलाइट, सिलिका मिळाली तर युरॅनोफेन किंवा बोल्टवुडाइट, आणि पेरॉक्साइड जास्त असेल तर स्टुडटाइट. बेकरेलाइटला नाव दिलंय ते किरणोत्साराचा शोध लावणाऱ्या हेन्री बेकरेल यांचं. बेकरेलाइट आणि शोपाइट ही दोन्ही खनिजं काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीमुळे प्रसिद्धीला आली.

या बहुतेक खनिजांची आतली रचना वहीच्या पानांसारखी असते. युरेनियमची पानं एकावर एक, आणि दोन पानांच्या मधे कॅल्शियम, पोटॅशियम आणि पाणी. ही 'पानं आणि मधली जागा' लक्षात ठेवली की पुढची गोष्ट समजायला सोपी जाते.

प्रयोगशाळेतही ठिबकच

अमेरिकेत वापरलेलं इंधन कायमचं ठेवण्यासाठी फक्त नेवाडा राज्यातल्या युका डोंगराचाच अभ्यास करायचा, असं तिथल्या संसदेने १९८७ मध्ये ठरवलं. जागा कोरडी, भूजलाच्या पातळीच्या बरीच वर. पण कोरडी असली तरी तिथे हवा खेळती आणि खडकातून थोडं पाणी झिरपणारच. म्हणजे इंधन गंजणार हे गृहीतच.

म्हणून अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत एक साधा पण चिकाटीचा प्रयोग झाला. युरेनियम डायऑक्साइडच्या गोळ्यांवर ९० अंश तापमानात युका डोंगर परिसरातल्या भूजलाचे थेंब पाडत राहायचे. एक-दोन महिने नाही, तब्बल १० वर्षं. त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

पहिल्या एक-दोन वर्षांत युरेनियम झपाट्याने सुटलं. नंतर वेग मंदावला. गोळ्यांवर पिवळ्या खनिजांची दाट गादी तयार झाली होती आणि सुटे कण त्या गादीत अडकत होते. आधी शोपाइटच्या जातीची खनिजं आली, मग हळूहळू सिलिका असलेली, युरॅनोफेनसारखी. मेक्सिकोत चिवावा राज्यातल्या पेन्या ब्लांका इथे निसर्गात हाच क्रम दिसतो. तिथल्या नोपाल-१ या साठ्यात काळं युरेनियम खनिज हवा-पाण्याने बदलत जाऊन बहुतेक पिवळं युरॅनोफेन झालेलं आहे. १० वर्षांच्या प्रयोगाला निसर्गाने दिलेली ही पावतीच म्हणायची.

कोण अडकतं, कोण निसटतं?

युरेनियम अडकलं, ठीक. पण त्याच्यासोबत सुटलेल्या बाकीच्यांचं काय? इथे शेतकऱ्याला खताचा अनुभव कामी येतो.

आपल्या काळ्या जमिनीतल्या चिकणमातीवर ऋण भार असतो. पालाश आणि अमोनियम धन भाराचे, म्हणून माती त्यांना धरून ठेवते. नायट्रेट ऋण भाराचं, त्याला माती धरत नाही, जोराच्या पावसात ते खाली निघून जातं. आणि स्फुरद चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमशी जुळून घट्ट बसतं. खत एकाच पोत्यातलं, पण तिघांची वाट वेगळी.

युरेनियमच्या खनिजातही तसंच आहे. स्ट्रॉन्शियम आणि सिझियम धन भाराचे. खनिजाच्या दोन पानांमधल्या जागेत कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम आणि पोटॅशियमच्या जागी सिझियम जाऊन बसू शकतं. बेकरेलाइट आणि बोल्टवुडाइट या खनिजांत असे बदल प्रयोगशाळेत करून पाहिले आहेत.

याउलट आयोडीन आणि टेक्नेशियम. हवा असलेल्या पाण्यात ही दोन्ही ऋण भाराच्या रूपात फिरतात. पानांमधल्या जागेत त्यांना थारा नाही. त्यांची गत नायट्रेटसारखी, पाणी जाईल तिकडे जातात. त्यातही आयोडीन आणि सिझियमचा काही भाग भट्टीतल्या उष्णतेने आधीच गोळीच्या कडेला, भेगांमध्ये येऊन बसलेला असतो. नळी फुटून पाणी आत शिरलं की हा भाग पहिल्या झटक्यात सुटतो. त्याला थांबवायला गंजाचा थर तेव्हा तयारही झालेला नसतो.

म्हणजे 'युरेनियमची खनिजं किरणोत्सार रोखतात' हे वाक्य अर्धं खरं. ती काहींना रोखतात, काहींना नाही.

नेप्च्युनियमचं कोडं

सगळ्यात जास्त वाद झाला तो नेप्च्युनियमवर. हे द्रव्य सुरुवातीला थोडंच असतं. पण अमेरिशियम-२४१ हळूहळू नेप्च्युनियममध्येच बदलतं, त्यामुळे ते वाढत जातं. हवा असलेल्या पाण्यात ते चांगलं विरघळतं आणि अर्धायुष्य २१ लाख वर्षांचं. युका डोंगराच्या दूरच्या काळाच्या हिशोबात हा आकडा फार महत्त्वाचा होता.

नेप्च्युनियमचीही पाण्यात युरेनियमसारखीच सरळ काडी बनते, फक्त भार एकाने कमी. १९९७ मध्ये पीटर बर्न्स, रॉडनी युइंग आणि मार्क मिलर यांनी खनिजांची रचना तपासून मांडणी केली की ही काडी युरेनियमच्या पानात युरेनियमच्या जागी बसू शकेल. अडचण फक्त भाराची. एक भार कमी पडला तर तो कुठून तरी भरून काढावा लागतो.

१९९८ मध्ये अर्गॉनच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की खऱ्या वापरलेल्या इंधनावर पाणी ठिबकवल्यावर तयार झालेल्या शोपाइटच्या जातीच्या खनिजात नेप्च्युनियम सापडलं. मोठी बातमी होती. नेप्च्युनियम खनिजात अडकत असेल तर पाण्यात जाणारा आकडा खाली येणार होता.

पण तपासणी तिथे थांबली नाही. त्याच प्रयोगशाळेत अधिक नेमक्या क्ष-किरण पद्धतीने पुन्हा पाहिलं गेलं. २००४ मध्ये निष्कर्ष आला की आधी जी नेप्च्युनियमची खूण वाटली होती, ती युरेनियमच्याच संकेताची सावली होती. त्या पिवळ्या खनिजात नेप्च्युनियम असल्याचा पुरावा टिकला नाही.

त्याच वर्षी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळी खनिजं नेप्च्युनियम घातलेल्या पाण्यात वाढवून पाहिली. शोपाइटच्या जातीच्या खनिजाने नेप्च्युनियम जवळजवळ घेतलंच नाही. युरॅनोफेनने आणि सोडियम असलेल्या दुसऱ्या एका खनिजाने मात्र ते घेतलं. फरक पानांमधल्या जागेचा. शोपाइटच्या पानांमधे नुसतं पाणी, भार जुळवायला कुणी नाही. युरॅनोफेनच्या पानांमधे कॅल्शियम असतं, तिथे कमी पडलेला भार भरून काढायची सोय होते.

साखर कारखान्यातही असंच असतं. साखरेचा दाणा धरताना बहुतेक मळ बाहेर मळीत राहतो, दाणा त्याला आत घेत नाही. कोणता दाणा कुणाला आत घेईल हे त्याच्या घडणीवर ठरतं. म्हणून 'पिवळा थर आला' एवढं पुरेसं नाही, तो कोणत्या खनिजाचा आहे हे बघावं लागतं.

निसर्गाची साक्ष

माणसाचा प्रयोग १० वर्षांचा, हिशोब लाखो वर्षांचा. ही दरी भरायला शास्त्रज्ञ निसर्गाकडे जातात.

सगळ्यात नवलाची जागा आफ्रिकेत गॅबन देशातली ओक्लो. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या पिएरलात कारखान्यात तिथल्या युरेनियमची तपासणी झाली. युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७२०२ टक्के असायला हवं होतं, ते ०.७१७१ टक्के निघालं. फरक किरकोळ, पण निसर्गात असा फरक नसतोच. शोध घेतला तेव्हा कळलं की सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी तिथे निसर्गातच अणुभट्टी पेटली होती. तेव्हा युरेनियम-२३५ चं प्रमाण आजच्या कित्येक पट होतं आणि भूजलाने भट्टीतल्या पाण्याचं काम केलं. ही भट्टी लाखो वर्षं थांबून-थांबून चालली.

तिथे तयार झालेलं प्लुटोनियम जागचं फारसं हललं नाही, तिथेच क्षय पावून संपलं. इतर बरीच जड द्रव्यंही काळ्या खनिजात आणि आजूबाजूच्या मातीत राहिली. पण सिझियम, स्ट्रॉन्शियम आणि वायुरूप द्रव्यं मोठ्या प्रमाणात निघून गेली. इथेही यादी तीच: काही राहिले, काही गेले.

कॅनडात सस्कॅचेवान प्रांतातला सिगार लेक हा साठा सुमारे १३० कोटी वर्षं जुना. ४०० मीटरपेक्षा खोल, भोवती चिकणमातीचा थर. एवढं श्रीमंत युरेनियम खाली असून वर जमिनीवर त्याची किरणोत्सारी खूण नव्हती. हवा पोचली नाही, म्हणून गंज चढला नाही.

आणि एक माणसाने घडवलेली साक्ष. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातात इंधन, काँक्रीट, वाळू वितळून जो लाव्हा झाला, त्यावर पुढे काही वर्षांत पिवळी खनिजं उगवली. त्यात स्टुडटाइट सापडलं. १० वर्षांच्या आतच गंजाचा थर डोळ्यांना दिसू लागला होता.

हे घर कायमचं नाही

एक गोष्ट विसरता कामा नये. खनिजात अडकलं म्हणजे कायमचं अडकलं असं नाही. शोपाइट पुढे सिलिका मिळाली की युरॅनोफेनमध्ये बदलतं. बदलताना जुनं खनिज विरघळतं आणि त्यातलं द्रव्य पुन्हा मोकळं होतं. स्टुडटाइट पेरॉक्साइड मिळत राहतं तोवरच टिकतं. बायकार्बोनेटचं पाणी आलं की यातली बरीच खनिजं पुन्हा विरघळू लागतात, ठिबकमध्ये ॲसिड सोडल्यावर क्षार जातो तसंच.

म्हणून खनिजांवर भरवसा ठेवायचा तो शेवटचा बांध म्हणून, पहिला म्हणून नाही.

जगाने काय केलं, आपल्याकडे काय?

फिनलंडने ओल्किलुओतो बेटावर ४०० मीटरहून खोल ओन्कालो हे भूमिगत कोठार खोदलं. लोखंडी गाभ्याचे तांब्याचे डबे आणि भोवती पाणी लागताच फुगणारी बेंटोनाइट माती. आपल्या काळ्या जमिनीला फुगवणारी आणि उन्हाळ्यात भेगा पाडणारी माती त्याच जातीची. तिथे विचार असा की हवा पोचूच द्यायची नाही, म्हणजे पिवळ्या गंजाचा प्रश्नच शक्यतो येणार नाही. अमेरिकेतल्या युका डोंगराचं काम मात्र २०१० च्या सुमारास थांबलं.

भारताचं धोरण वेगळं. इथे वापरलेलं इंधन आधी पाण्याच्या टाक्यांत थंड होतं, मग त्यातून प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळं काढतात. तुर्भे, तारापूर आणि कल्पक्कम इथे हे काम चालतं. उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत ओतून घट्ट करतात आणि देखरेखीखाली ठेवतात. तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून चालू झाली. पण देशात खोल भूमिगत कायमचं कोठार अजून नाही.

काच इंधनासारखी नाही, हे खरं. पण प्रश्न तोच. काचेलाही पाणी लागलं की तिच्यावर थर चढतो, आणि तो थर कोणाला धरतो, कोणाला सोडतो, हे तपासावंच लागतं.

म्हणून पुढे कधी अणुकचऱ्याच्या जागेची चर्चा आपल्या दारात आली तर 'सुरक्षित आहे का?' एवढंच विचारून भागणार नाही. तिथे हवा पोचते का? भूजलात बायकार्बोनेट किती, सिलिका किती? टेक्नेशियम आणि आयोडीनसारखी न अडकणारी द्रव्यं कशाने थांबवणार? आणि सांगितलेला आकडा दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासला आहे का? नेप्च्युनियमच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न विचारला गेला, म्हणून चूक सापडली. माती-पाण्याची तपासणी केल्याशिवाय आपण खताचा हप्ता ठरवत नाही. लाखो वर्षांचा हिशोब असेल तर तपासणी त्याहून कडक असायला हवी.